पान दोन, तिसरी चौकट

ब्रिजपोर्टच्या या कारखान्यात
आम्ही अकराजणी रंग वेगळे काढतो.
निळा फिलोमेनाकडे,
पिवळा त्या कॅनडाकडच्या दोघी बहिणींकडे,
लाल माझ्याकडे. नावच माझं पिरोश्का,
आमच्या हंगेरियनमध्ये म्हणजे लालुली.
सुपरवायझरला हे ठाऊक नव्हतं,
त्यानं नुसती रिकामी खुर्ची दाखवली.

पानामागे पस्तीस सेंट.
पारदर्शक कागदावर ब्रशनं भरत जायचं,
पाव, अर्धा की पूर्ण,
ते आकडे न्यूयॉर्कहून येतात.

बावीस वर्षांत त्या पोराचे आईबाप
मी एकोणीस वेळा मारले.
मधूनमधून तिकडे कुणाला तरी वाटतं
गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी.
पुन्हा फेरीबोटीचा धक्का, पुन्हा धुकं,
पोराच्या हातात भाजलेल्या चेस्टनटची पुडी,
आणि पान दोन, तिसरी चौकट:
बापाचा सदरा लाल, पूर्ण.
आईचा हातमोजा लाल, अर्धा.
पोर आठ वर्षांचं.
पुढच्या खेपेलाही आठच.

मग साठ खोल्यांची हवेली,
म्हातारा शोफर, तळघरातली यंत्रं,
काळा अंगरखा, आणि शहरभर रात्रीची गस्त.
त्या हवेलीच्या गालिच्यांवर मी इतका लाल ओतलाय
की कोपर अजून दुखतं.
फिलोमेना म्हणते, बाई, दुःखालासुद्धा भांडवल लागतं.
ती डबा उघडते, मी खसखशीचा रोल,
आणि आम्ही हसतो. पण हळूच.

माझा बेला पितळेच्या भट्टीत गेला
तेव्हा लास्लो आठाचाच होता.
त्यानं काय केलं?
सोमवारी शाळेत गेला.
येताना पाव आणला,
उरलेले सुटे पैसे मोजून ओट्यावर ठेवले.
रात्री मात्र उठायचा,
दाराची कडी बघायचा,
गॅस बघायचा, मला बघायचा.
त्याचीही गस्त होती,
स्वयंपाकघर ते जिना,
मोजे घालून, मला जाग येऊ नये म्हणून.
मी डोळे मिटून पडायचे.
शहर असंच झोपेचं सोंग घेत असेल.

त्या चोराला मात्र नाव नाही.
एकोणीस वेळा गोळी झाडून
एकोणीस वेळा चौकटीच्या कडेनं निसटतो.
चित्रकारानं त्याच्या कोपराला ठिगळ काढलंय,
दर वेळी त्याच जागी.
कोटाचा आकडा तपकिरी,
म्हणजे त्यातही माझा लाल आहे, अर्धा.
ठिगळ रंगवताना मी नेहमी विचार करते,
शिवलं कुणी?
टाके नीट आहेत. बारीक.
घाईत शिवलेले नाहीत.

या वेळच्या पानावर धक्क्याच्या मागं
एक इमारत होती, तिसऱ्या मजल्यावर खिडकी.
करंगळीच्या नखाएवढी.
आकडा: निळा, पूर्ण. म्हणजे अंधार.
मी ब्रश पुसला, फिलोमेनाला म्हटलं,
तेवढी एक सोड.
बहिणींना म्हटलं, पिवळा भरा.
त्यांनी का म्हणून विचारलं नाही.
थोरलीनं फक्त दाराकडे एकदा पाहिलं.
मी वर माझा लाल टाकला, पाव,
तेवढ्यानं रॉकेलच्या दिव्याचा उजेड होतो.

न्यूयॉर्कहून काही पत्र आलं नाही.

अंक औषधांच्या दुकानात लागला, दहा सेंट.
लास्लोची झोफी तो घेऊन
माझ्या मांडीवर चढली.
छपाईत लाल नेहमीसारखा केसभर सरकलेला,
बापाच्या सदऱ्यातून निसटून
पोराच्या मनगटावर सांडलेला.
ते तिला दिसलं नाही.
बोट थेट खिडकीवर.
इथं कोण राहतं, आजी?
तो चोर?

मी म्हटलं, बोट ओलं करू नकोस,
रंग निघतो.